झाकणरावांनी सगळं काढून ठेवलं

झाकणरावांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा ते मेलेले होते. निदान माझी तशी पक्की खात्री झाली होती. कारखान्याच्या मुख्य जिन्याखाली एक दार आहे. ते अर्धवट उघडं होतं आणि त्यातून दोन पाय बाहेर आले होते. मोजे वेगवेगळ्या रंगांचे. आतून विमान सुटायच्या तयारीत असल्यासारखा घोंघाट, आणि भट्टीची धग. चाळिशी उलटलेला माणूस प्रेत बघून ओरडत नाही. आपल्याला कोणी बघतंय का, ते आधी बघतो. मी तेच केलं आणि हळूच मागे सरकणार, तेवढ्यात प्रेत म्हणालं, "हलू नका. तुम्ही तारेवर आहात."

मी उजवा पाय उचलला.

"तो नाही. दुसरा."

मी उजवा टेकवून डावा उचलला.

"हां. आता तसेच राहा. सांगतो मी."

त्यानंतर किती काळ गेला ते मला सांगता येणार नाही. बाहेर ऋतू बदलले असावेत. सरकारं आली असतील, गेली असतील. मी बगळ्यासारखा एका पायावर उभा आणि जिन्यावरून जाणारी माणसं "नवीन का?" एवढं विचारून, उत्तराची वाट न बघता वर जात होती. माझे कानांजवळचे केस त्याच दिवशी पांढरे झाले, असं मी घरी सांगतो. शेवटी पाय आत गेले आणि त्यांच्या जागी एक डोकं बाहेर आलं. चष्मा कपाळावर आणि दातांत एक निळं प्लास्टिकचं झाकण. ते झाकण तोंडातून काढून, सदऱ्याला पुसून, खिशात ठेवत डोकं म्हणालं, "पाय टेका हो. तार केव्हाच काढली मी. सांगायचं राहिलं."

आमचा कारखाना चष्म्याच्या काचा घासतो. काच कशी पुसावी आणि कशी पुसू नये हे सांगणारी जी घडीची चिठ्ठी चष्म्याबरोबर मिळते आणि जी कोणीही वाचत नाही, ती मी लिहितो. झाकणराव जिन्याखालचा सर्व्हर सांभाळायचे. त्यांचं खरं नाव ओळखपत्रावर होतं, पण ओळखपत्र त्यांनी इतकं जपून ठेवलं होतं की ते कुणाच्या दृष्टीस पडलं नव्हतं. झाकणराव हे नाव पॅकिंग खात्याच्या टेपमास्तरांनी ठेवलं. कारण उघड होतं. या गृहस्थाला झाकण टाकवत नसे. बाटली फुटो, डबा हरवो, पेनातली शाई संपो, झाकण खिशात जायचं. "कधीतरी याचा डबा सापडेल" हे त्यांचं म्हणणं. वहिनी म्हणायच्या, "आमच्या घरात झाकणांना जागा आहे, म्हणून माणसं आपली दाटीवाटीने राहतात."

सर्व्हर लिनक्सवर चालायचा. लिनक्स म्हणजे काय, हे झाकणरावांनी मला पुष्कळदा समजावलं आणि मला समजलं ते इतकंच, की एक काळा पडदा असतो. त्यावर चित्र नाही, बटण नाही. तुम्ही हुकूम लिहायचा आणि त्याने तो पाळायचा. हुकूम चुकीचा असला तरी तो मुकाट पाळतो, आणि मग बोंबलायची पाळी तुमची. त्या सर्व्हरवर एक व्यवस्थापनाचं सॉफ्टवेअर होतं. घासायच्या सगळ्या मशीनवर ते देखरेख करायचं. कोणतं चालू, कोणतं बंद, कोणाला ताप चढलाय, कोणाला पाणी हवंय. झाकणराव त्याला 'मुकादम' म्हणायचे.

"मुकादम एकटा नसतो," ते सांगायचे. "तो डब्यांत असतो. एक डबा मशीनच्या बातम्या आणतो, एक वेळा सांभाळतो, एक सगळ्यांना निरोप धाडतो, एक भिंतीवरचा पडदा रंगवतो. प्रत्येक डबा बंद. याचं त्याला लागत नाही."

"झाकणासकट?" मी विचारायचो.

"चेष्टा करा. पण डबा फुटला तर नवा आणता येतो. खरा माल डब्यात नसतोच. तो कोठीत असतो. सगळ्या नोंदी, सगळ्या वेळा, सगळं तिथे. डबे बदलले तरी कोठी तशीच राहते."

हे बोलताना त्यांच्या चेहऱ्यावर, भरल्या घरात उभ्या असलेल्या माणसाचं समाधान असायचं.

आणि आता आबा. आबा म्हणजे झाकणरावांचे वडील. आयुष्यभर ट्रक चालवलेला माणूस. कारखान्याच्या मागच्या फाटकातून बाहेर पडलं की गल्ली, गल्लीपलीकडे सायकल दुरुस्तीचं दुकान, आणि दुकानाच्या वर यांचं घर. आबा एकदा न्हाणीत घसरले आणि त्या दिवसापासून त्यांचा उजवा हात ताटाकडे जाईना. डॉक्टरांनी हात वर केला, खाली केला, फिरवून पाहिला आणि म्हणाले, "हातात काही दोष नाही." आबा म्हणाले, "हातात नाही. डॉक्टरात आहे."

तेव्हापासून त्यांना भरवावं लागे. बरं, कुणाच्याही हातून चालत नसे. वहिनी औषधांच्या दुकानात गल्ल्याच्या मागे उभ्या असायच्या. सुट्टीच्या दिवशी त्या घास पुढे करायच्या, तेव्हा आबा कुलूप लावल्यासारखे ओठ मिटून घ्यायचे. लेक हवा. लेकानेच भरवायचं. म्हणून रोज दुपारी मशीनची सफाई सुरू झाली की झाकणराव मागच्या फाटकातून सटकायचे.

ही सफाई म्हणजे आमच्या कारखान्याचं वैभव. दुपारी मुकादमाचा हुकूम सुटायचा, सगळी मशीनं एकदम थांबायची आणि आपापली अंगं धुवायला लागायची. तेवढ्यात सगळे जेवून घ्यायचे. पूर्वी पाळीपाळीने, उभ्याने गिळावं लागायचं. या सफाईमुळे काचेची प्रत सुधारते, असं आमच्या व्यवस्थापक, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात, पाहुण्यांना सांगायच्या. मीही माझ्या चिठ्ठीत तसं एक वाक्य घातलं होतं.

मी एकदा झाकणरावांबरोबर घरी गेलो होतो. आबा खाटेवर ताठ बसलेले, गळ्याभोवती टॉवेल.

"कोण हे?"

"कारखान्यातले, आबा. काचेची चिठ्ठी लिहितात."

"जेवलेत?"

"हो, जेवलो," मी म्हटलं.

"मग बघत काय बसलेत?"

झाकणरावांनी घास उचलला.

"डावीकडून घे," आबा म्हणाले. "उजवीकडचा दात दुखतोय. हळू. हळू! वळणावर कोण एवढ्या वेगात येतं? थांब. मागे घे थोडा. हां, आता येऊ दे." घास आत गेला. "गाडी चालवली असतीस तर दोनचार माणसं मारली असतीस तू."

"म्हणून तर नाही चालवली, आबा."

"बोलू नकोस. समोर बघ."

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना मालकांनी नवीन मुकादम घ्यायचं ठरवलं. त्याच कंपनीचा, पण नव्या अवताराचा. मोठ्या बाईंनी झाकणरावांना बोलावून स्वच्छ सांगितलं. जुना मुकादम सर्व्हरवरून नीट निघाला पाहिजे. काम चोख झालं तर नवा मुकादमही तुमच्याच ताब्यात. नाहीतर शहराच्या त्या टोकाच्या गोदामात माणूस हवाच आहे, तिकडे जावं लागेल. बाईंच्या बोलण्यात धमकी नव्हती. त्या तशा सरळ बाई. पण गोदाम बसने इतकं लांब होतं की तिथून दुपारी घरी येऊन परत जायचं म्हटलं, तर आबांचा पहिला घास संध्याकाळच्या चहाबरोबर गेला असता.

मग शनिवारी बाईंचा निरोप आला. 'सोमवारी नवीन बसणार. त्याआधी जुनं सगळं काढून ठेवा.'

उपाहारगृहात झाकणरावांनी तो निरोप आम्हाला वाचून दाखवला. एकदा, मग परत एकदा, शेवटच्या शब्दावर बोट ठेवून.

"काढून ठेवा," ते म्हणाले. "टाका नाही. ठेवा."

"अहो, बोलायची पद्धत असते ती!" टेपमास्तर म्हणाले. "काढून ठेवा म्हणजे आधीच काढा, सोमवारची वाट बघू नका."

"मग काढून टाका म्हणाल्या असत्या."

"बाईमाणूस आहे. टाका म्हणायला बरं नाही वाटत."

"हे बघा, पाहुण्याला आपण म्हणतो, कोट काढून ठेवा. तो काय कोट उकिरड्यावर टाकतो?"

"आणि दातांचा डॉक्टर काय म्हणतो? दात काढून ठेवा म्हणतो?"

"कवळी असली तर म्हणतो!"

इथे टेपमास्तर गप्प झाले, कारण त्यांना कवळी होती.

"माझं ऐका," मी म्हटलं, "बाईंनाच विचारा ना."

"विचारणारच," झाकणराव म्हणाले. "न विचारता पुसणारा मी नव्हे."

रविवारी सकाळी मशीनं बंद होती. कुणीतरी जवळ असलेलं बरं, म्हणून मला त्यांनी जिन्याखाली स्टुलावर बसवलं. आधी मुकादमाला थांबवायचं होतं. एकेका डब्याला त्यांनी थांबण्याचा हुकूम दिला. डबे शहाण्यासारखे थांबले. निरोप धाडणारा डबा तेवढा थांबायचा आणि पुढच्याच क्षणी पुन्हा उभा. पुन्हा थांबवला, पुन्हा उभा. दारात उभं राहून "बरं, निघतो" म्हणत तासभर बोलणाऱ्या पाहुण्यासारखं त्याचं चाललं होतं.

"हा असा का?"

"मीच सांगून ठेवलंय त्याला. काही झालं तरी उठायचं म्हणून. गुणी आहे हो." झाकणराव हळवे झाले होते. मग त्यांनी त्याला उठवणाऱ्यालाच आधी झोपवलं, आणि डबा निमूट पडला. थांबलेले डबे त्यांनी काढले. डबे ज्यांच्यावरून बनतात ते साचे काढले. सर्व्हर चालू होताच मुकादमाला आपोआप जाग यायची जी सोय होती, ती काढली. शेवटी काळ्या पडद्यावर एक प्रश्न येऊन उभा राहिला. कोठीतली माहितीही कायमची पुसायची का? हो की नाही?

झाकणरावांनी बाईंना फोन लावला आणि मला ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला. पलीकडे पाण्याचा आवाज, आणि एक मूल गळा काढून रडत होतं.

"बाई, जुनं काढतोय. काढून टाकू की काढून ठेवू?"

"काय? अहो, नातवाला आंघोळ घालतेय मी!"

"ते कोठीचं विचारत होतो. टाकू, की ठेवू?"

"डोळे मीट रे! डोळ्यांत साबण जाईल... अहो, तुम्हाला सांगितलंय ना? ठेवा आता! ठेवा, ठेवा!"

फोन बंद झाला. झाकणरावांनी माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं. "ऐकलंत? तीनदा म्हणाल्या."

मी ऐकलं होतं. मलाही तेव्हा तसंच वाटलं. त्यांनी 'नाही' लिहिलं, आणि कोठी जशीच्या तशी, भरलेली, राहिली.

सोमवारी मोठ्या दालनात खुर्च्या मांडल्या होत्या. मालक आले. नव्या मुकादमाबरोबर आलेले सल्लागार इतके इस्त्री केलेले होते की बसताना मोडतील की काय अशी भीती वाटावी. त्यांनी सकाळीच सर्व्हरवर नवे डबे चढवले होते आणि सगळं अगदी कोरं आहे, असं बाईंना सांगितलं होतं. कोरं कसलं! नव्या डब्यांनी कोठी शोधली, त्याच नावाची कोठी भरलेली दिसली, आणि सासरच्या तयार घरात नवी सून शिरावी तसे ते शिरले. जुन्या सगळ्या वेळा, जुने सगळे हुकूम आपले मानून कामाला लागले. बाहेरून काही कळायचं कारण नव्हतं.

भाषणं लांबली. झाकणराव मागच्या रांगेत चुळबुळत होते. जुन्या मुकादमाबरोबर सफाईही गेली, आता निघायचं कसं, हे त्यांच्या तोंडावर लिहिलं होतं. मालक बोलायला उभे राहिले. "यापुढे आपली मशीनं क्षणभरही थांबणार नाहीत," असं ते म्हणाले आणि दुपार झाली.

सगळी मशीनं एकदम थांबली. पाण्याचे फवारे सुरू झाले. भिंतीवरच्या नव्याकोऱ्या पडद्यावर ठळक अक्षरं उमटली: 'आबा. सर्व मशीन बंद.'

सगळे पडद्याकडे बघत राहिले. मालकांनी विचारलं, "हे आबा काय आहे?"

सल्लागार क्षणभरच डगमगले. "आपोआप बाष्पशुद्धी, साहेब. आ आणि बा. या नव्या सॉफ्टवेअरचं हे खास वैशिष्ट्य आहे."

"अरे वा!" मालक खूश झाले. "मशीन स्वतःच थांबतं, स्वतःच धुतं! ही आबा पद्धत आपल्या बाकीच्या कारखान्यांतही सुरू करा. उद्यापासून."

टेपमास्तरांनी झाकणरावांच्या मांडीला असा चिमटा काढला की मला लागला. "गप बसा," ते कुजबुजले. "देव पावलाय तुम्हाला." खरंच पावला होता. तोंड मिटून बसले असते, तर नवा मुकादम, सफाई, मागचं फाटक, सगळं जागच्या जागी राहिलं असतं. पण झाकणराव भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उभे राहिले होते.

"साहेब," ते म्हणाले, "आबा म्हणजे माझे वडील. पलीकडे घरी बसलेत, जेवायचे खोळंबलेत. त्यांना भरवून आलो तर चालेल का? बोलणी आल्यावर खातो."

कुणी काही म्हणायच्या आत ते गेले. मालकांनी बाईंकडे पाहिलं, बाईंनी सल्लागारांकडे, आणि सल्लागारांनी आपल्या बुटांकडे.

झाकणराव परत आले तेव्हा मशीनं सुरू झाली होती आणि सगळे तसेच बसून होते. बाहीवर आमटीचा डाग होता. त्या दिवशी वळण चुकलं असावं.

"म्हणजे," बाई म्हणाल्या, "ही सफाई तुम्ही घातलीत? रोज अख्खा कारखाना तुमच्या वडिलांच्या जेवणासाठी थांबत होता?"

"मशीनला सफाई लागतेच, बाई. ती केव्हा करायची एवढंच मी ठरवलं. आणि सगळेच जेवत होते ना."

मागून कुणीतरी "हो, हो" म्हणालं. बाईंनी मागे पाहिल्यावर ते कुणीच नव्हतं.

"पण मी तुम्हाला सगळं काढायला सांगितलं होतं!"

"काढलं ना. काढून ठेवलं. मी फोन करून विचारलंसुद्धा. टाकू की ठेवू? तुम्ही म्हणालात, ठेवा. तीनदा म्हणालात."

बाईंना आठवायला थोडा वेळ लागला. मग त्यांच्या डोळ्यांसमोर बहुतेक साबण आला.

"अहो, मी फोन ठेवा म्हणत होते! फोन!"

दालन जे हसायला लागलं, ते थांबेचना. मालकांनी चष्मा काढला आणि माझ्या चिठ्ठीत जे करू नका म्हणून लिहिलंय तेच केलं, टायच्या टोकाने काच पुसली. टेपमास्तरांनी कवळी सांभाळत तोंडावर हात धरला. हसल्या नाहीत त्या बाई, आणि झाकणराव. ते दोघे एकमेकांकडे बघत उभे होते, आणि बाईंच्या चेहऱ्यावर राग नव्हता, ते जास्त वाईट होतं.

हसून झाल्यावरही कारखाना कारखानाच असतो. सर्व्हर कोरा करायला सांगितला होता, तो झाला नव्हता. मशीनं कुणाला न विचारता थांबत होती, आणि ते मालकांच्या देखत उघड झालं होतं. बाईंनी झाकणरावांना आपल्या खोलीत बोलावलं, चहा दिला आणि गोदामाचं सांगितलं. "राग म्हणून नाही," त्या म्हणाल्या. "पण माझ्याही वर कोणी आहे."

"कळतंय, बाई," झाकणराव म्हणाले. चहाचा कप त्यांनी तसाच ठेवला. वर बशी झाकली.

कोठी पुसायचं काम बाईंनी त्यांच्याकडेच दिलं. सल्लागार शेजारी उभे होते. पडद्यावर तोच प्रश्न आला. झाकणरावांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला, 'हो' लिहिलं, आणि अक्षरं सरकत गेली. सगळ्या वेळा, सगळ्या नोंदी. "झालं," ते म्हणाले. "आता टाकलं." जाताना सल्लागारांनी झाकणरावांशी हात मिळवला.

गोदामाच्या पहिल्या दिवसाची घरात आठवडाभर तयारी चालली होती. शेजारच्यांना विचारून झालं, आबांनी नकार दिला. बहिणीला बोलावू म्हटलं, आबांनी तिच्या हाताला वास येतो म्हणून सांगितलं. वहिनींनी पाया पडून पाहिलं. "लेक येईल तेव्हा जेवेन," आबा म्हणाले. "ट्रकवर असताना दिवसदिवस उपाशी राहिलोय मी."

त्या सकाळी झाकणराव बसमध्ये चढले तेव्हा मी थांब्यावर होतो. "दुपारी त्यांचं काय होईल?" एवढंच ते म्हणाले. वहिनींनी खाटेजवळ ताट वाढून ठेवलं, झाकलं आणि डोळे पुसत दुकानात गेल्या. गोदामात झाकणरावांनी दुपारी डबा उघडला, आबांची आठवण आली आणि परत लावून टाकला. संध्याकाळी ते बसथांब्यापासून घरापर्यंत पळत आले. वहिनी दारातच उभ्या होत्या.

ताट रिकामं होतं.

"आबा, कोणी भरवलं?" झाकणरावांनी धापा टाकत विचारलं.

"कोण भरवणार?" आबा म्हणाले. "भूक लागली होती."

तेव्हापासून आबा स्वतःच्या हाताने जेवतात.